घराचा एकच प्रिंटर

जून उजाडला की आमच्या रावेरला तहसील कचेरीच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांपुढं माणसांची रीघ लागते. शाळा-कॉलेजांचे प्रवेश, उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, सोसायटीचं पीककर्ज, सगळं एकदमच अंगावर येतं. त्या रांगेत जरा निरखून पाहा. कितीतरी जणी अशा दिसतील की ज्यांच्या घरी दोन-तीन संगणक आहेत आणि एक प्रिंटरही आहे. मग या बाई इथं उन्हात का उभ्या? विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं. ‘प्रिंटर आहे हो, पण तो भाऊजींच्या कॉम्प्युटरला जोडलेला. ते गेले केळीच्या कापणीवर, आणि खोलीला कुलूप!’

आज या कुलपाबद्दलच लिहायचं ठरवलं आहे.

आपल्याकडे एकत्र कुटुंबं अजून टिकून आहेत. एका घरात थोरल्याचा हिशेबाचा संगणक, धाकट्या सूनबाईंचा नोकरीचा लॅपटॉप, मुलांचा अभ्यासाचा, आणि शिवाय प्रत्येकाच्या हातात फोन. कागद मात्र सगळ्यांनाच लागतो. प्रिंटर घरात येतो तेव्हा तो ज्याच्या संगणकाजवळ ठेवला जातो त्याच्याच मालकीचा होऊन बसतो. पैसे घरखर्चातून गेलेले असोत, शाई सासूबाईंनी आणवलेली असो, कागद काढायचा तर ‘जरा एवढं काढून देता का?’ असं आर्जव करावं लागतं. पुरुष मंडळींना त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते जावेला, सुनेला आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीला. रात्री अकरा वाजता फॉर्मची मुदत संपत असते आणि दुसऱ्याच्या निजायच्या खोलीचं दार वाजवायचं जिवावर येतं. यावर दुसरा प्रिंटर विकत आणणं हा उपाय नव्हे. आहे तोच प्रिंटर एका संगणकाच्या दावणीतून सोडवून साऱ्या घराचा करायचा, एवढंच करायचं आहे. ते वाटतं तितकं अवघड नाही.

आपली पिठाची गिरणी आठवा. गल्लीत गिरणी एकच असते. जो तो आपला डबा नेऊन ठेवतो, डबे रांगेत लागतात, ज्याचं त्याचं पीठ ज्याच्या त्याच्या डब्यात पडतं. गिरणी कोणाच्या स्वयंपाकघरात बसवलेली असती तर बाकीच्यांची काय गत झाली असती? प्रिंटरचंही तेच.

गंमत अशी की, ही अडचण संगणकवाल्यांनाही अगदी सुरुवातीलाच आली होती. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ च्या सुमारास लेसर प्रिंटर चालवून दाखवला. यंत्र मोठं आणि महाग. प्रत्येकाच्या टेबलावर असं यंत्र ठेवणं शक्यच नव्हतं. तिथल्याच बॉब मेटकाफ यांनी १९७३ च्या मे महिन्यात एक टिपण लिहिलं आणि सारे संगणक एका तारेवर गुंफायची योजना मांडली. सर्वांना तो एक प्रिंटर वापरता यावा, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. त्या योजनेचं नाव इथरनेट. आज तुमच्या घरच्या इंटरनेटच्या डबीला मागच्या बाजूनं जी तार खोचतात, ती याच घराण्यातली. पुढं १९८५ साली अ‍ॅपल कंपनीनं लेसररायटर नावाचा प्रिंटर काढला, त्याची किंमत ६,९९५ डॉलर होती. एवढ्या किमतीचं यंत्र एकट्यासाठी कोण घेणार? तो अनेक संगणकांना मिळून वापरता यावा, अशीच त्याची रचना केली होती. तेव्हा वाटून घेणं हा प्रिंटरचा मूळ स्वभावच आहे म्हणा ना! एका संगणकाला एक प्रिंटर ही सवय नंतरची, प्रिंटर स्वस्त झाल्यावरची.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू या. रस्ते तीन आहेत, पण तिन्ही सारखे चांगले नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना घोळ होणार नाही. तुमच्या प्रिंटरला वाय-फाय असेल किंवा मागं तारेचं चौकोनी नेटवर्कचं भोक असेल, तर डोळे मिटून दुसरा रस्ता धरा.

पहिला रस्ता जुना. प्रिंटर यूएसबीच्या तारेनं एकाच संगणकाला जोडलेला असतो, तो तसाच ठेवायचा आणि त्या संगणकाला सांगायचं की बाबा, हा इतरांनाही वापरू दे. विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडून ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये जा. आपल्या प्रिंटरच्या नावावर टिचकी मारली की ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ मिळेल. तिथं ‘शेअरिंग’ नावाच्या पानावर ‘शेअर धिस प्रिंटर’समोर खूण करा. घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेलं असू द्या, ‘पब्लिक’ असेल तर बाकीच्यांना हा संगणक दिसतच नाही. मग दुसऱ्या संगणकावर ‘अ‍ॅड डिव्हाइस’ म्हणायचं.

यात मोठी खोच ही की तो पहिला संगणक चालू असला तरच बाकीच्यांचे कागद निघतात. तो बंद असला किंवा झोपी गेला, की सगळ्यांचंच काम अडलं. म्हणजे कुलूप पुन्हा आहे तिथंच! शिवाय हा रस्ता दर दोन-चार वर्षांनी खचतो. विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये ‘होमग्रुप’ नावाची सोपी सोय आली होती, ती २०१८ मध्ये काढून टाकली. २०२१ मध्ये छपाईच्या व्यवस्थेत चोरांना आत शिरता येईल असं एक खिंडार सापडलं, ते बुजवायला मायक्रोसॉफ्टनं दुरुस्त्या धाडल्या, आणि त्या बसवल्यावर कितीतरी ठिकाणचे वाटून घेतलेले प्रिंटर रातोरात मुके झाले. तुमच्याकडेही तेव्हा असं झालं असेल तर दोष मुलांचा नव्हता बरं का. उगाच बोलणी खाल्ली असतील बिचाऱ्यांनी.

दुसरा रस्ता म्हणजे प्रिंटर थेट इंटरनेटच्या डबीला, म्हणजे राउटरला जोडणं. मग तो कोणाचाच राहत नाही आणि सगळ्यांचा होतो. कोणता संगणक चालू आहे, कोण घरी आहे, कोण वखारीवर, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. प्रिंटरच्या अंगावरच्या छोट्या पडद्यावर वायरलेसची यादी येते, त्यातलं आपलं घरचं नाव निवडून पासवर्ड घालायचा. पडदा नसेल तर कंपनीचं अ‍ॅप फोनवर घेऊन त्यातून हेच करता येतं. मग प्रत्येक संगणकावर एकेकदा ‘अ‍ॅड डिव्हाइस’. अर्ध्या तासाचं काम आहे. पण चार ठिकाणी पाय अडखळतो, ती ठिकाणं सांगून ठेवते.

एक तर, बरेचसे घरगुती प्रिंटर २.४ गिगाहर्ट्‍झच्याच लहरी ओळखतात. राउटर मात्र २.४ आणि ५ अशा दोन्ही सोडतो आणि कधी कधी दोहोंना वेगवेगळी नावं असतात. प्रिंटरच्या यादीत आपलं नाव दिसतच नसेल तर ‘बिघडला’ म्हणून दुकानात उचलून नेऊ नका, आधी हे दुसरं नाव शोधा. दुसरं, प्रिंटर आणि फोन एकाच वाय-फायवर हवेत. मुलीचा फोन तिच्या सिमच्या डेटावर चालत असेल तर त्याला प्रिंटर दिसणार नाही. पाहुण्यांसाठी वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क केलं असेल तर त्यावरूनही सहसा दिसत नाही, आणि तेच बरं. तिसरं, राउटर प्रत्येक वस्तूला एक आकडी पत्ता देतो आणि तो अधूनमधून बदलतो. वीज जाऊन आल्यावर ‘प्रिंटर ऑफलाइन’ असं दिसू लागतं, त्याचं कारण पुष्कळदा हेच. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवता येतो, त्याला ‘अ‍ॅड्रेस रिझर्वेशन’ म्हणतात. इंटरनेट बसवायला येणाऱ्या मुलाला तेवढं आठवणीनं करायला सांगा, पाच मिनिटांत करील. आणि चौथं, वाय-फायचा पासवर्ड बदललात की प्रिंटरलाही नवा सांगायचा. माणसांना सांगतो, त्याला सांगायचं विसरतो, आणि मग आठवडाभर त्याच्या नावानं बोटं मोडतो.

तिसरा रस्ता जुन्या, पण धडधाकट प्रिंटरसाठी. त्याला वाय-फाय नाही, मागं फक्त यूएसबीचं भोक. काही राउटरांना यूएसबीची खाच असते आणि त्यात प्रिंटर लावून सर्वांना देता येतो. त्याच कामाची ‘प्रिंट सर्व्हर’ नावाची छोटी डबीही मिळते. मात्र ती कोणत्या प्रिंटरांबरोबर चालते याची यादी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका, स्वस्तातले पुष्कळ प्रिंटर तिच्याशी जमवून घेत नाहीत. घरात संगणकाचा छंद असलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर ‘रास्पबेरी पाय’ हा पत्त्याच्या कॅटएवढा संगणक आणि ‘कप्स’ ही फुकट मिळणारी छपाईची व्यवस्था यांवर जुना प्रिंटर उत्तम चालतो. कप्स १९९९ पासून वापरात आहे, कसलेलं काम आहे. पण ज्याला त्यातलं कळतं तो पुण्याला शिकायला गेला की मागं दुरुस्त कोण करणार, याचा विचार आधी करावा.

नवाच घ्यायचा असेल तर खोक्यावर वाय-फाय आहे ना ते पाहाच, शिवाय ‘एअरप्रिंट’ आणि ‘मोप्रिया’ हे दोन शब्द शोधा. पहिली सोय अ‍ॅपलनं २०१० मध्ये आयफोनसाठी आणली. दुसरी काही प्रिंटर कंपन्यांनी २०१३ मध्ये एकत्र येऊन सुरू केलेल्या संस्थेची आहे आणि ती अँड्रॉइड फोनना उपयोगी पडते. हे दोन्ही असले की फोनवरून कागद काढायला वेगळं काही बसवावं लागत नाही. सासूबाईंनासुद्धा आपल्या फोनवर आलेलं देवळाचं पत्रक कोणाला न विचारता काढता येतं. घरबसल्या डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत उतरवून घेता येतो, तोही फोनवरून सरळ छापता येतो. फक्त पैसे भरल्यावर ती फाईल आधी जपून ठेवा आणि मग छापा. छपाई मध्येच अडली तर निदान फाईल हाताशी राहते.

आता ठेवायचा कुठं? वाय-फायला खोलीचं बंधन नाही, म्हणून ज्याच्या त्याच्या सोयीची जागा निवडता येते. नेमकी इथंच पुन्हा चूक होते. कोणाच्याही निजायच्या खोलीत ठेवू नका. बैठकीच्या कोपऱ्यात, ओसरीलगतच्या आतल्या खोलीत, जिन्याखाली, जिथं सर्वांना केव्हाही जाता येईल तिथं ठेवा. स्वयंपाकघर मात्र टाळा, फोडणीचा वाफारा आणि पिठाची पूड दोन्ही त्याच्या पोटात जातात. रस्त्याकडच्या खिडकीतही नको, उन्हाळ्यातली आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहेच. जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती हात-हातभर जाड मातीच्या. मे महिन्यात त्या घर गार ठेवतात खऱ्या, पण वाय-फायलाही अडवतात. अशा घरात नेटवर्कची तार ओढून घेणं उत्तम. यूएसबीची साधी तार पाच मीटरच्या पुढं भरवशाची नाही, नेटवर्कची तार शंभर मीटरपर्यंत चालते. वाडा कितीही मोठा असला तरी पुरे.

विजेचं काय, असं विचाराल. शाईचा प्रिंटर वीज अगदी थोडी खातो, त्यामुळे तो इन्व्हर्टरवर खुशाल चालवा. लेसरची गोष्ट वेगळी. तो पूड कागदावर भाजून बसवतो आणि त्या भट्टीला एकदम मोठा झटका लागतो. छोट्या इन्व्हर्टरला किंवा संगणकाच्या यूपीएसला तो झेपत नाही, म्हणून त्याला भिंतीतल्या साध्या खटक्यावरच ठेवावं. राउटरला मात्र छोटासा यूपीएस जरूर लावा. वीज गेल्यावर प्रिंटर तयार आणि राउटर झोपलेला, तर कागद जाणार कुठून?

आता रांगेबद्दल. सगळ्यांनी एकदम काम धाडलं तरी गोंधळ होत नाही, पहिलं आलेलं पहिलं निघतं. पण पहिलंच काम अडलं की मागचे सगळे डबे खोळंबतात. अडायचं एक नेहमीचं कारण अगदी क्षुल्लक असतं. आपल्याकडचा कागद ए-फोर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचा. पण एखाद्या संगणकात अमेरिकेतला ‘लेटर’ हा आकार लिहिलेला असतो. प्रिंटर मग तो कागद मागत बसून राहतो आणि इकडं सगळे त्याला दूषणं देतात. कागदाचा आकार, काळी छपाई, दोन्ही बाजूंनी छपाई, ही मांडणी प्रत्येक संगणकावर वेगवेगळी करावी लागते. एका रविवारी बसून सगळीकडे एकसारखी करून टाका. ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ हे तेवढं बंद करा, नाहीतर विंडोज स्वतःच्या मर्जीनं भलताच प्रिंटर पुढं करतं. आणि कागद आला नाही म्हणून छापण्याचं बटण पुन्हा पुन्हा दाबायचं नाही, हे मुलांना बजावून ठेवा. अडलेलं सुटलं की सहा-सहा प्रती सपासप बाहेर पडतात. शाई कोणाची जाते? घराचीच.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी या वाटणीचा एक फायदा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. घरी लग्नपत्रिका, अर्ज, संस्थेची इतिवृत्तं टंकून देणाऱ्या भगिनी आपल्यात आहेत. अजूनही कितीतरी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या अक्षरांत असतो. तो पेनड्राइव्हवर घालून प्रिंटरवाल्या संगणकावर नेला आणि तिथं ती अक्षरं बसवलेली नसली, तर ‘सप्रेम नमस्कार’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. प्रिंटर साऱ्या घराचा झाला की आपण आपल्या संगणकावरूनच छापतो, तिथं अक्षरं असतातच, म्हणून ही कटकट मुळातच उरत नाही. दुकानातच न्यायचं झालं तर आधी पीडीएफ करून न्या, त्यात अक्षरं सहसा फाईलबरोबरच जातात. नवं लिखाण युनिकोडमध्ये करायची सवय लावलीत तर उत्तमच.

आता थोडं नाजूक बोलायचं आहे. प्रिंटर चव्हाट्यावर आला म्हणजे कागदही चव्हाट्यावर येतात. दवाखान्याचा रिपोर्ट, बँकेचा उतारा, नोकरीचा अर्ज, वकिलाला लिहिलेलं पत्र, बाईमाणसाचे असे कागद असतात की ते घरात सगळ्यांनी वाचावेत असं तिला वाटत नाही, आणि तसं वाटण्यात गैर काही नाही. म्हणून आधी प्रिंटरपाशी जाऊन उभं राहावं आणि तिथून फोनवरून छापावं. कागद हातात पडतो आणि ट्रेमध्ये काही राहत नाही. काही प्रिंटरांत आकडी खूण घातल्याशिवाय कागद बाहेर न सोडण्याची सोय असते, तुमच्यात आहे का पाहा. आणखी एक. रांगेतल्या कामांच्या यादीत फाईलचं नाव दिसतं. पहिल्या रस्त्यानं जोडलेला प्रिंटर असेल तर ज्याचा संगणक आहे त्याला कोणी काय धाडलं तेही दिसतं. फाईलला नाव देताना एवढं ध्यानात असू द्या. ट्रेमध्ये दुसऱ्याचा कागद सापडला तर तो उपडा करून बाजूला ठेवायचा, वाचायचा नाही, हा नियम लहानमोठ्या सगळ्यांना सारखाच लावा. आबांनासुद्धा!

आधारची प्रतही अशीच. फळपीक विम्यासाठी, कर्जासाठी सातबारा, आठ-अ, पासबुकाबरोबर आधार लागतंच आणि घरोघरी त्याच्या दहा-दहा प्रती पडलेल्या असतात. जिथं चालत असेल तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या, ते आधारच्या संकेतस्थळावरूनच उतरवता येतं. बिघडलेली प्रत फाडून टाका. तिच्या मागच्या बाजूला मुलांना गणितं करायला देऊ नका. काटकसर चांगली, पण तीच पानं उद्या रद्दीवाल्याकडं जातात.

खर्चाचा हिशेब ठेवलात तर पुष्कळ भांडणं टळतात. प्रिंटरशेजारी एक वही दोरीनं टांगा. नाव, तारीख, पानं किती, रंगीत की काळी, एवढंच लिहायचं. पानामागं खर्च किती पडतो ते काढणं सोपं आहे. शाईच्या किंवा टोनरच्या खोक्यावर किती पानं निघतील तो आकडा छापलेला असतो, किमतीला त्यानं भागा आणि वर कागदाचे पैसे मिळवा. पाचशे कागदांचं रीम घेतलं तर भागाकार तोंडीही होतो. फक्त लक्षात घ्या, खोक्यावरचा तो आकडा साधारण पाच टक्के पान शाईनं भरलं असं धरून काढलेला असतो. एखाद्या साध्या पत्रात तेवढीच शाई लागते. मुलांच्या प्रकल्पासाठी पानभर सातपुड्याचं रंगीत चित्र काढलं की हिशेब कोसळतो. तसली चित्रं दुकानातून काढून आणणं पुष्कळदा स्वस्त पडतं, तिथं कमीपणा मानू नये. धंद्याची कापणीची बिलं, ट्रकच्या पावत्या घरच्याच प्रिंटरवर निघत असतील तर रीम धंद्याच्या पैशातून यावं, घरखर्चाच्या डब्यातून नव्हे. वही असली की हे बोलून दाखवावं लागत नाही, पानंच बोलतात.

शाईचा की लेसर? आपल्या हवेत याला महत्त्व आहे. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो आणि हवा कोरडी ठाक असते. शाईच्या प्रिंटरची सूक्ष्म भोकं त्यात वाळून बुजतात. मामाच्या गावाला महिनाभर जाऊन आलात की पहिल्याच पानावर पांढरे पट्टे दिसतात. तेव्हा आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढत जा. आणि बंद करताना प्रिंटरचंच बटण दाबा, भिंतीतला खटका आधी बंद करू नका. बटण दाबल्यावर तो आपलं मुंडकं जागेवर नेऊन झाकून घेतो, खटका बंद केला तर ते उघडंच राहून वाळतं. छापता छापता वीज गेली तर ती आल्यावर एकदा सुरू करा आणि मग रीतसर बंद करा. लेसरमध्ये कोरडी पूड असते, ती वाळण्याचा प्रश्नच नाही. ज्या घरात नुसती काळी छपाई लागते आणि तीही कधीमधी, तिथं लेसर बरा. रोजचं आणि रंगीत काम असेल तर शाईच्या टाकीचा. पावसाळ्यात उलटं होतं, कागद दमट होऊन दोन-दोन एकदम आत ओढले जातात. रीम उघडलं की उरलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यासारखे घट्ट बंद ठेवा.

जाता जाता एक सांगते. तुमच्या प्रिंटरवर झेरॉक्सची काच असेल तर तीही अशीच साऱ्या घराला वापरता येते. काचेवर कागद ठेवायचा आणि ‘स्कॅन’ आपल्या फोनवर किंवा संगणकावर मागवायचं. प्रवेशाच्या, शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये फाईल अमुक इतक्या केबीच्या आतच हवी म्हणून अडून बसतात आणि मुलं रडकुंडीला येतात. तेव्हा स्कॅन करतानाच रंगीतऐवजी ‘ग्रेस्केल’ निवडा आणि डीपीआयच्या जागी ६०० किंवा ३०० असेल तर १५० करा. दाखल्यावरचा शिक्का आणि सही स्पष्ट वाचता येतात ना, ते एकदा मोठं करून पाहा, आणि मग पाठवा.